मालवलेला दिवा

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा सहावी-सातवीत असेन. वाचनालयातून आणलेलं, मुखपृष्ठ गेलेलं रहस्यकथांचं एक पुस्तक होतं. त्यात स्कॉटलंडच्या एका बेटावरच्या दीपगृहाची हकिकत होती. बोट बेटाला लागते, एक माणूस पायऱ्या चढून वर जातो, दार ढकलतो. आत टेबलावर जेवण वाढलेलं, पण कुणी हात न लावलेलं. एक खुर्ची उलटी पडलेली. दीपगृहाचे तिघे राखणदार गायब. आणि नोंदवहीच्या शेवटच्या पानांवर लिहिलेलं, की वादळ थांबत नाही, दांडगे गडी रडतायत, सगळे गुडघे टेकून प्रार्थना करतायत. त्या रात्री मी परसातल्या मोरीपर्यंतसुद्धा एकटा गेलो नाही. पुढे कितीतरी वर्षं ती उलटी खुर्ची माझ्या डोळ्यांसमोरून हलली नव्हती.

खुर्ची खोटी होती. घटनेनंतर बारा वर्षांनी, १९१२ साली, विल्फ्रिड गिब्सन या इंग्रज कवीने या बेटावर एक दीर्घ कविता लिहिली, तिच्यातून ती आली. न शिवलेलं जेवणही तिच्यातलंच. रडणारे गडी तर त्याहून उशिरा, १९२९ साली, एका अमेरिकन मासिकात जन्माला आले. हे कळलं तेव्हा आधी फसवणूक झाल्यासारखं वाटलं. मग वाटलं, खरं काय होतं ते तरी पाहू. ते पाहता पाहता हे पुस्तक झालं.

बेटाचं नाव एलन मोर. गेलिक भाषेत त्याचा अर्थ नुसताच 'मोठं बेट'. मोठं म्हणजे किती, तर जेमतेम त्रेचाळीस एकर. स्कॉटलंडच्या वायव्येला बाह्य हेब्रिडीज नावाची द्वीपमाला आहे. तिच्यातल्या लुइस बेटापासून पश्चिमेला सुमारे बत्तीस किलोमीटरवर फ्लॅनन नावाचा सात बेटांचा पुंजका आहे. खलाशी त्यांना 'सात शिकारी' म्हणत. एलन मोर हे त्यांतलं सर्वांत मोठं. चहूकडून कडे, माथ्यावर गवत, झाड एकही नाही. त्यापलीकडे पश्चिमेला थेट अमेरिकेपर्यंत पाणी. फ्लॅनन नावाच्या संताच्या देवळाचे दगडी अवशेष तिथे आहेत. लुइसचे मेंढपाळ चाऱ्यासाठी मेंढ्या होडीतून तिथे नेऊन सोडत, पण स्वतः रात्री मुक्काम करत नसत, असं सांगतात.

या बेटाचा धाक दीपगृहाच्या कितीतरी आधीचा आहे. मार्टिन मार्टिन हा हेब्रिडीजमध्येच जन्मलेला लेखक. त्याचं या बेटांच्या वर्णनाचं पुस्तक १७०३ साली छापलं गेलं. पक्षी मारायला फ्लॅननवर जाणाऱ्या लुइसकरांचे रिवाज त्याने त्यात टिपून ठेवले आहेत. बेटावर चढल्याबरोबर टोपी काढायची आणि सूर्य फिरतो त्या दिशेने एक गिरकी घ्यायची. देवळाजवळ अंगावरचे वरचे कपडे उतरवायचे, प्रार्थना करायची. आणि बेटावर असेपर्यंत काही गोष्टींना त्यांच्या नेहमीच्या नावाने हाक मारायची नाही. पाण्याला वेगळा शब्द, खडकाला वेगळा, किनाऱ्याला वेगळा.

हे वाचताना परकं असं काही वाटलं नाही. आपल्याकडे तिन्हीसांजेला सापाचं नाव काढत नाहीत, 'जनावर' म्हणतात. बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. दुकानसुद्धा रात्री बंद करत नाहीत, वाढवतात. आणि दिवा कधी विझवत नाहीत. तो मालवतात, नाहीतर त्याला निरोप देतात. माझी आजी 'विझव' हा शब्द तोंडून निघाला की लगेच 'मालव म्हण' असं दटावायची. पोरवयात हा नुसता शब्दांचा सोवळेपणा वाटायचा. या पुस्तकाचं काम करताना मात्र तिच्या त्या दटावणीने मला एक वेगळीच वाट दाखवली. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे.

दीपगृह बांधलं डेव्हिड ॲलन स्टीव्हन्सनने. स्कॉटलंडची दीपगृहं म्हणजे जवळजवळ या एका घराण्याचा पिढीजात धंदा. आजोबा, काका, बाप, नातू, सगळे समुद्रातल्या खडकांवर दिवे उभारत राहिले. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याच घरातला, डेव्हिडचा सख्खा चुलत भाऊ. तो घरचा धंदा सोडून कथा लिहायला गेला. भावाने मात्र कथेला जागा मिळेल असं ठिकाण बांधून ठेवलं. तेवीस मीटर उंचीचा मनोरा उभा करायचा, तर दगड-लाकूड-लोखंड सगळं होडीतून आणून उभ्या कड्यावर चढवायचं होतं. त्यासाठी पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक असे दोन धक्के केले, कातळात पायऱ्या खोदल्या, सामान ओढायला रूळ टाकले. समुद्र एका बाजूने खवळलेला असला तर दुसऱ्या बाजूने उतरता यावं, एवढाच दोन धक्क्यांमागचा हिशेब. ७ डिसेंबर १८९९ रोजी दिवा पहिल्यांदा लागला. दर तीस सेकंदांना दोन झोत, ही त्याची खूण.

या दिव्यावर माणसं चार नेमलेली होती. तिघे बेटावर, एक आळीपाळीने लुइसच्या किनाऱ्यावर, ब्रेस्क्लीट गावी. तिथे त्यांची बिऱ्हाडं होती. सहा आठवडे खडकावर, दोन आठवडे घरी. बेटावर तिघेच का, यामागेही एक गोष्ट आहे आणि ती माझ्या मते भुतांच्या कुठल्याही गोष्टीपेक्षा भयंकर आहे. वेल्सच्या किनाऱ्यापलीकडे स्मॉल्स नावाच्या खडकावर पूर्वी दोघेच राखणदार असत, हॉवेल आणि ग्रिफिथ. दोघांचं पटत नाही हे सगळ्यांना ठाऊक. १८०१च्या सुमारास वादळाने बोटी अडल्या असताना ग्रिफिथ अचानक मेला. प्रेत समुद्रात सोडलं तर खुनाचा आळ येईल, या भीतीने हॉवेलने एक ओबडधोबड पेटी ठोकून ते मनोऱ्याबाहेर बांधून ठेवलं. वाऱ्याने पेटी फुटली. आठवड्यांमागून आठवडे तो मेलेल्या सोबत्याच्या पहाऱ्यात एकटाच दिवा लावत राहिला. बोट आली तेव्हा ओळखीच्या लोकांना त्याचा चेहरा ओळखू आला नाही, म्हणतात. त्यानंतर ब्रिटनच्या दीपगृहांवर तिघांची नेमणूक रूढ झाली. एकाला काही झालं तरी दोघे उरावेत म्हणून. तिघेही एकाच वेळी जातील हा विचार त्या हिशेबात नव्हता.

डिसेंबर १९००मध्ये एलन मोरवर होते मुख्य राखणदार जेम्स डकॅट, दुय्यम थॉमस मार्शल आणि डोनाल्ड मॅकआर्थर. मॅकआर्थर कायमचा नव्हता. आजारी पडलेल्या विल्यम रॉसच्या जागी बदली म्हणून आलेला स्थानिक माणूस. चौथा जोसेफ मूर किनाऱ्यावर होता. ७ तारखेला, म्हणजे दिवा लागल्याला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, खात्याचा अधीक्षक रॉबर्ट म्यूरहेड बेटावर येऊन गेला. निघताना त्याने तिघांशी हस्तांदोलन केलं. पुढे चौकशीचा अहवाल लिहायची वेळ त्याच्यावरच आली, तेव्हा त्यांचा निरोप घेणारा शेवटचा माणूस आपणच, ही खंत त्याने त्या सरकारी कागदात नोंदवली आहे. सरकारी अहवालात इतकं माणूसपण क्वचित सापडतं.

१५ डिसेंबरच्या रात्री आर्क्टर नावाची आगबोट फिलाडेल्फियाहून लीथला जाताना त्या बाजूने गेली. दिवा दिसला नाही. बोट बंदरात पोहोचली, पण ही गोष्ट दीपगृह खात्यापर्यंत वेळेत गेलीच नाही. लुइसवरून दिव्यावर नजर ठेवायला माणूस नेमलेला होता. पण धुकं आणि पावसात दिवा दिवसेंदिवस न दिसणं तिथे नेहमीचंच. बदलीची बोट हेस्परस २० तारखेला जायची होती, ती खराब हवामानाने अडकली आणि २६ला दुपारी बेटाजवळ पोहोचली. काठीवर निशाण नव्हतं. धक्क्यावर कुणी उतरलेलं नव्हतं, रिकाम्या पेट्या मांडलेल्या नव्हत्या. कप्तान हार्वीने भोंगा वाजवला, बाण उडवला. वरून काही नाही.

मूर एकटा वर गेला. फाटक लावलेलं, दार लावलेलं. चूल गार, राख कित्येक दिवसांची. घड्याळ थांबलेलं. बिछाने रिकामे. तो धावत खाली आला, आणखी दोघांना घेऊन पुन्हा चढला. मग त्याने जे पाहिलं आणि नंतर पत्रात लिहिलं, ते मला या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं वाटतं. स्वयंपाकघरातली भांडी स्वच्छ घासून ठेवलेली होती. म्हणजे दुपारचं जेवण उरकून, भांडी आवरून ते बाहेर पडले असणार, हा त्याचा तर्क. मनोऱ्यावरच्या दिव्याच्या खोलीत सगळं जागच्या जागी. दिवा पुसलेला, तेलाची टाकी काठोकाठ, भिंगावर ऊन पडू नये म्हणून दिवसा ओढतात ते पडदे ओढलेले. नोंदवही १३ तारखेपर्यंत लिहिलेली. पुढच्या नोंदी पाटीवर, वहीत उतरवायच्या राहिलेल्या. शेवटची नोंद शनिवार १५ डिसेंबर, सकाळी ९ची. वायुभार, तापमान, वारा. बस.

घासलेल्या भांड्यांवर कविता होत नाही, हे मान्य. गिब्सनला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला भीती हवी होती आणि ती त्याने उत्तम साधली. राग येतो तो त्या नोंदवहीच्या खोट्या मजकुराचा. कारण तो पुरावा म्हणून खपला, अजूनही खपतो. दीपगृहाची नोंदवही ही खात्याकडे जाणारी चीज. तिच्यात मार्शलसारखा दुय्यम माणूस आपला वरिष्ठ चिडलाय किंवा सोबती रडतोय असं लिहील, हे ज्याने कधी सरकारी नोकरी केली आहे त्याला तरी पटू नये! माइक डॅश या ब्रिटिश संशोधकाने १९९८ साली मूळ कागद बारकाईने तपासले आणि या दंतकथेची एकेक वीट काढून दाखवली. माझ्या मांडणीचा पाया बराचसा तिथला आहे.

म्यूरहेड २९ तारखेला पुन्हा बेटावर आला आणि थेट पश्चिमेच्या धक्क्यावर गेला. पूर्वेचा धक्का जसाच्या तसा होता. पश्चिमेला समुद्राने काय केलं ते पाहा. पाण्यापासून तेहतीस मीटर उंचीवर कातळाच्या फटीत दोरखंडांची एक पेटी ठेवलेली असे. ती फुटून दोर खाली विखुरले होते. लोखंडी कठडे वाकले होते, रुळांचा लोखंडी भाग काँक्रीटमधून उखडला होता. टनाहून जास्त वजनाचा एक धोंडा जागचा हलला होता. साठ मीटरवर, कड्याच्या माथ्यावर, गवताची साल कडेपासून आत दहा मीटरपर्यंत सोलून निघाली होती. आपला वीस मजली टॉवर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे लाट कुठवर चढली ते कळेल. त्या बाजूला कड्यात चिंचोळी घळ आहे. मोठी लाट तिच्यात कोंडली की पाणी नळीतून सुटावं तसं वर उसळतं.

डकॅट आणि मार्शल यांचे समुद्रात जायचे बूट आणि तेलकापडी कोट नव्हते. मॅकआर्थरचा कोट खुंटीलाच होता. तिघे एकदम बाहेर पडणं नियमाविरुद्ध, तरी तिसरा सदऱ्यानिशी, डिसेंबरच्या थंडीत बाहेर गेला. का? म्यूरहेडचा निष्कर्ष साधा आहे. शनिवारी दुपारी ते दोरांची पेटी सुरक्षित करायला खाली गेले आणि एका प्रचंड लाटेने ओढून नेलं. वाऱ्याने उडवले असतील ही शंका त्याने तपासून बाजूला ठेवली, कारण वारा पश्चिमेचा होता, तो त्यांना समुद्राकडे नव्हे तर बेटाकडे लोटता. पुढे १९५०च्या दशकात याच दीपगृहावर चाकरी केलेल्या एका राखणदाराने त्या लाटा स्वतः पाहून दुसरी शक्यता मांडली. आधी एक पडला, दुसरा तिसऱ्याला बोलवायला वर धावला, आणि वाचवायला गेलेले दोघेही गेले. मला हे जास्त पटतं. मात्र सदऱ्यानिशी धावणारा माणूस फाटक लावून जाईल का, हा प्रश्न मलाही सुटलेला नाही.

प्रेतं कधीच सापडली नाहीत. आणि सापडली नाहीत म्हणूनच बाकीचं सगळं उगवलं. वाऱ्यात तिघांची नावं घेऊन कुणीतरी हाका मारतं, असं नंतरच्या काळात सांगू लागले. कवितेतले तीन विचित्र काळे पक्षी लोकांच्या बोलण्यात खरे होऊन बसले. शिवाय भुताचं जहाज, समुद्री अजगर, परकी हेर, एकाने दोघांचा केलेला खून. १९७७ साली 'डॉक्टर हू' मालिकेच्या एका कथेत हे बेट डोकावलं, १९८० साली पीटर मॅक्सवेल डेव्हिसचा ऑपेरा आला, २०१८ साली चित्रपट. सगळे मी पाहिले-ऐकले. ऑपेरा अंगावर येतो.

मात्र या बेटावर 'भुतं' आहेत असं कुणी म्हणालं की मला तो शब्दच चुकल्यासारखा वाटतो. इंग्रजीत दीपगृहावरच्या माणसाला जे म्हणतात त्याचा सरळ अर्थ 'राखणारा'. दीपगृहरक्षक हा शब्द मला गणवेशातला वाटतो, म्हणून या पुस्तकात मी 'राखणदार' वापरला आहे. तो वापरताना कोकणातल्या वाचकाचे कान टवकारले जातील याची मला कल्पना आहे. कोकणात राखणदार म्हणजे पगारी माणूस नव्हे. बागेचा, पाणंदीचा, गावाच्या वेशीचा राखणदार असतो. तो दिसत नाही, पण असतो. त्याला नारळ द्यावा लागतो. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याला भले मोठे चामड्याचे जोडे वाहतात आणि ते झिजलेले दिसतात अशी श्रद्धा आहे. वेताळ हा भुतांचा राजा खरा, पण आरवलीत त्याला घाबरून कुणी गाव सोडत नाही. तो आहे म्हणून निवांत झोपतात.

आणि आपल्याकडे हे दोन्ही राखणदार एकाच खडकावरही आहेत. अलिबागजवळ थळच्या समोर खांदेरी. १६७९ साली इंग्रजांच्या नाकावर टिच्चून शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला उभारायला घेतला. १८६७ सालापासून तिथे दीपगृह आहे, आणि कोळ्यांचा वेताळदेवही तिथेच. मासेमारीला जाणारे त्याला हात जोडून पुढे जातात. वरून दिवा फिरतो, खाली वेताळ बसलाय. दोघांचं काम एकच, आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही. एलन मोरच्या तिघांना असा एखादा नारळ मिळाला असता, तर कदाचित त्यांना खुर्च्या उलथवाव्या लागल्या नसत्या.

अर्थात हा माझा चावटपणा झाला. डकॅटच्या मागे बायको आणि चार मुलं होती, मॅकआर्थरच्या मागे बायको आणि दोन मुलं. मार्शलचं लग्न व्हायचं होतं. ब्रेस्क्लीटमधल्या त्या घरांत दंतकथेचा काही उपयोग नव्हता. पुस्तकातलं एक प्रकरण मी फक्त या गावावर लिहिलं आहे, आणि वाचकाला ते कंटाळवाणं वाटलं तरी चालेल.

दुसरं लांबलेलं प्रकरण जोसेफ मूरचं आहे. बेटावर खरोखर कुणी मागे राहिलं असेल तर तो. २६ तारखेलाच हार्वीने त्याला आणि हेस्परसवरच्या तीन स्वयंसेवकांना बेटावर ठेवलं आणि तार करायला परत गेला. मूर त्याच घरात झोपला. त्याच भांड्यांत जेवला. खुंटीवरचा तो कोट त्याच्या नजरेसमोर असणार. म्यूरहेडने अहवालात लिहिलं आहे की मूर फार अस्वस्थ आहे, आणि ही अस्वस्थता गेली नाही तर त्याची बदली करावी लागेल. एवढ्या एका वाक्यात मला गिब्सनच्या अख्ख्या कवितेपेक्षा जास्त भुतं दिसतात.

२८ सप्टेंबर १९७१ रोजी दिवा स्वयंचलित झाला आणि शेवटची माणसं बेटावरून उतरली. आता हेलिकॉप्टरसाठी चौथरा आहे, सौर ऊर्जा आहे, देखरेख एडिनबरा शहरातून होते. दर तीस सेकंदांना दोन झोत, अजूनही.

आता आजीच्या शब्दाकडे. दंतकथा सांगते की १५ डिसेंबरला दिवा विझला. कागद वेगळं सांगतात. त्या सकाळी उजाडल्यावर रोजच्याप्रमाणे कुणीतरी तो मालवला. वात कातरली, भिंग पुसलं, पडदे ओढले, संध्याकाळसाठी टाकीत तेल भरलं, आणि जिना उतरून खाली गेलं. त्यानंतर अकरा रात्री दिवा लागला नाही. २६ तारखेला अंधार पडताना मूर आणि त्याचे सोबती वर चढले आणि त्यांनी दिवा लावला. टाकी भरलेलीच होती. त्या रात्री फ्लॅननच्या समुद्रावर जो उजेड पडला, तो त्या तिघांनी भरून ठेवलेल्या तेलाचा होता.